मंगल कार्यालयातलं विद्यापीठ

मी ज्या विद्यापीठात दोन वर्षं शिकलो ते आता नाही. कुठल्याही अर्जात शिक्षणाचा रकाना आला की माझं पेन थोडं थांबतं. खोटं लिहायचं नसतं, आणि खरं लिहिलं तर समोरचा माणूस आधी कागदाकडे बघतो, मग माझ्याकडे. म्हणून एकदा सगळं जसं आठवतं तसं लिहून काढतो.

जालना रोडला, करमाडच्या जरा अलीकडे, एक मंगल कार्यालय होतं. मागे मालकांची मोसंबीची बाग, पुढे गाड्या लावायला मोकळं मैदान. मालक सातवीपर्यंत शिकलेले. आमच्या भागातली निम्मी लग्नं त्यांच्याकडे लागलेली, त्यामुळे त्यांना ओळखत नाही असा माणूस सापडणं अवघड. अशा माणसाला विद्यापीठ का काढावंसं वाटलं, ते त्यांनी उद्घाटनाच्या दिवशी स्वतःच माइकवरून सांगितलं.

"पुतण्याच्या अॅडमिशनसाठी औरंगाबादेत गेलतो. सकाळी दहाला बाकावर बसवलं. चार वाजता साहेब म्हणले, उद्या या. तवाच ठरवलं, आता आपलाच बाक करायचा."

टाळ्या वाजल्या. पण त्या हॉलमध्ये टाळ्या वाजतात त्या शेवटच्या अक्षता पडल्यावर, त्यामुळे मागच्या रांगेतले काही जण सवयीनं जेवायला उठले. त्यांना परत आणून बसवावं लागलं.

शेजारच्या एका राज्यात तेव्हा नवा कायदा झाला होता. ठरावीक कागदपत्रं दाखल केली की खासगी विद्यापीठ नोंदवता यायचं आणि त्याचं केंद्र दुसरीकडे चालवता यायचं. ही माहिती मालकांना एका लग्नात, पंगतीत शेजारी बसलेल्या पाहुण्याकडून मिळाली होती. बुंदी येईपर्यंत त्यांनी नाव ठरवलं आणि मठ्ठा येईपर्यंत हुद्दे. ते स्वतः कुलपती झाले. कार्यालयाचे मॅनेजर कुलसचिव झाले. मॅनेजरना कुलसचिव म्हणजे काय हे माहीत नव्हतं. ते कुलपतींना म्हणाले, "काम काय करावं लागंल?" कुलपती म्हणाले, "हाय तेच करायचं. फक्त टेबलावर काच टाकायची."

रस्त्यावरच्या पाटीवर विद्यापीठाचं नाव मोठ्या अक्षरात रंगवून घेतलं. खाली 'लग्न, साखरपुडा, बारसे यासाठी भेटा' ही जुनी ओळ राहिली. रंगाऱ्याचं म्हणणं, ती पुसायचं कुणी सांगितलं नाही.

मी तिथं गेलो त्याचं कारण दूध. आमच्या चार म्हशी. रोज सकाळी करमाडच्या हॉटेलांना दूध घालून मोकळा व्हायला मला साडेआठ व्हायचे, आणि शहरातली कॉलेजं सातला भरायची. विद्यापीठ दहाला भरायचं. घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. बाबांनी रस्त्यावरची पाटी वाचली, एवढी मोठी अक्षरं खोटी नसतील असं म्हणाले, आणि मला परवानगी दिली. मात्र अट घातली.

माझी बहीण माझ्याहून वर्षानं लहान आणि माझ्याहून हुशार. हे मी नम्रपणे म्हणत नाही, मार्कशीट आहेत. आई-बाबा दिवसभर शेतात, म्हशींपाशी दिवसा एक माणूस हवंच. म्हणून बाबांनी ठरवलं की बारावीनंतर एका वेळी एकानंच शिकायचं. पहिली तीन वर्षं माझी, मग तिची. "तीनच्या वर एक दिवस नाय," ते म्हणाले. "तुझं लांबलं तर मग मी तिच्यासाठी स्थळं बघायला लागंन."

मी पहिल्या वर्षाला असताना बहीण बारावी झाली आणि म्हशींपाशी बसली. मी घरी आलो की रोज विचारायची, "आज किती शिकवलं?" मी सांगायचो. मग ती म्हणायची, "एवढंच? लवकर शीक की जरा. माझी वर्षं खायलास तू."

आता विद्यापीठाबद्दल. आम्ही सुरुवातीला अकरा विद्यार्थी होतो, सगळे बी.ए.चे. वर्ग मोठ्या हॉलमध्ये भरायचा. फळा स्टेजवर, नवरा-नवरीच्या लाल मखमली खुर्च्यांच्या मागे. नवऱ्या मुलीची खोली म्हणजे ग्रंथालय. दारावर 'वधूपक्ष' तसंच होतं. आत दोन कपाटं पुस्तकं आणि भिंतभर आरसा, त्यामुळे वाचताना मान वर केली की समोर आपणच अभ्यास करताना दिसायचो. मला त्याची लाज वाटायची, पण अभ्यास त्यामुळेच झाला असेल असंही कधी कधी वाटतं. 'वरपक्ष' खोलीत कुलगुरूंना बसवायचं ठरलं होतं. कुलगुरू शेवटपर्यंत मिळाले नाहीत. तिथं गाद्या ठेवायचे.

अर्थशास्त्राला जे सर होते ते उस्मानपुऱ्याहून एस.टी.नं यायचे. निवृत्त झालेले, पांढरी दाढी, हातात कापडी पिशवी. मराठी, दखनी आणि हिंदी एकाच वाक्यात बोलायचे. पहिल्या दिवशी त्यांनी हॉल बघितला, स्टेज बघितलं, आणि नवरदेवाच्या खुर्चीवर बसत म्हणाले, "चाळीस साल नोकरी केली, अशी इज्जत कुठं मिळाली नाही मियाँ."

बाकीचे शिक्षक येत-जात राहिले. सर मात्र टिकले.

आमचं वेळापत्रक पंचांगावर चालायचं. विद्यापीठ काढलं तरी हॉलचं बुकिंग वर्षभर आधीच झालेलं होतं, आणि दिलेली तारीख मोडणं कुलपतींच्या रक्तात नव्हतं. "एखाद्याच्या पोरीचं लगीन थांबवून मी तुम्हाला इतिहास शिकवू व्हय?" ते विचारायचे. त्यामुळे लग्नाची तिथ असली की सुट्टी. चातुर्मासात लग्नं नसतात, तेव्हा आम्ही रोज पाच पाच तास शिकायचो. तुळशीचं लग्न लागलं की आमचं सत्र संपल्यासारखंच. सर म्हणायचे, "तुमच्या पंचांगात तिथ नसली तर आमच्या शादीची तारीख असते. दोन्ही मिळून इथं तालीम, म्हणजे पढाई, व्हायची कशी?"

यावर तोड सरांनीच काढली. लग्नाच्या दिवशीही ते यायचे आणि जो कोणी हजर असेल त्याला घेऊन मागे मोसंबीच्या बागेत बसायचे. पुढे बँड वाजायचा, इकडे आम्ही मागणी आणि पुरवठा शिकायचो. लिहायला कागद हवा म्हणून सर आत येताना दारातल्या टेबलावरून त्या दिवशीच्या लग्नपत्रिका उचलून आणायचे. पाहुणे तिथं टाकून जायचे त्या. जाड कागद, मागची बाजू कोरी. माझ्या अर्थशास्त्राच्या बऱ्याचशा वह्या म्हणजे लग्नपत्रिकाच. एका बाजूला गणपती आणि चि., चि.सौ.कां., दुसऱ्या बाजूला आलेख.

मागणीची लवचिकता मला तिथंच समजली. सर म्हणाले, "साखर महाग झाली तर तू चहा कमी पिशील. पण तिथ एकच आहे आणि हॉल एकच आहे, तर पोरीचा बाप काय करेल? मालक बोलेल ते देईल. मागणी कमी होते का? नाही होत. ही अलवचिक मागणी. लिही."

पण हे रोज जमायचं नाही. मोठी तिथ असली, एका दिवशी दोन दोन लग्नं असली, की वाढपी कमी पडायचे. मग मॅनेजर, म्हणजे कुलसचिव, बागेच्या कडेला येऊन उभे राहायचे आणि खाकरायचे.

"सर, पोरं जरा मोकळी करता का? दुसरी पंगत बसायलीय."

सर पत्रिका पिशवीत टाकायचे. आम्ही बादल्या उचलायचो. आम्हाला त्याचं वाईट वाटायचं असं म्हणता येणार नाही. मला भात वाढायला आवडायचं. सरांनाही पंगतीत बसवायचे, आणि ते जिलेबी दोनदा मागायचे.

दुसऱ्या वर्षी तिथी फार दाट होत्या. आणि त्याच वर्षाच्या शेवटी बातमी आली की वरच्या कोर्टानं त्या राज्याचा कायदाच रद्द केला. म्हणजे त्या कायद्याखालची सगळी विद्यापीठं एका दिवसात गेली, आमच्यासकट. कुलपतींनी आम्हाला बोलावलं. तोपर्यंत आम्ही चौघेच उरलो होतो. ते स्टेजच्या पायरीवर बसले आणि टोपी काढून हातात घेतली.

"माझं जाऊ द्या," ते म्हणाले. "मला मांडव घालायचा, मांडव काढायचा. तुमचं काय?"

आमचं असं ठरलं की शहरातल्या मोठ्या विद्यापीठाची एक समिती येऊन बघेल. इथं खरोखर शिकवलं गेलं असं त्यांना पटलं, तर आमची दोन्ही वर्षं धरतील आणि आम्हाला तिसऱ्या वर्षात घेतील. नाही पटलं, तर पुन्हा मागे. त्या रात्री जेवताना मी हे घरी सांगितलं. बहिणीनं माझ्या ताटात भाकरी टाकली आणि म्हणाली, "नीट बोल तिथं. तुला बोलता येत नाय, म्हणून सांगायले."

समिती येणार म्हणून कुलसचिवांनी तयारी केली. आमचा जुना हजेरीपट त्यांना बघवेना. अर्धी पानं कोरी, काहींवर हळदीचे डाग. कार्यालयात पाहुणे यायचे म्हटलं की ते आधी जुनी चादर काढून नवी टाकतात, तसं त्यांनी नवं रजिस्टर आणलं आणि दोन दुपारी बसून दोन वर्षांची हजेरी सुंदर अक्षरात भरली. आम्ही सगळे सगळ्या दिवशी हजर. मी त्यांना विचारलं, "एखादा दिवस तरी गैरहजर?" ते म्हणाले, "पाहुण्यांम्होरं गैरहजर बरं दिसत नाय रे."

हे चुकतंय असं मला वाटत होतं, पण ते रजिस्टर माझ्याही फायद्याचं होतं.

समितीत तिघं होते. समोर प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर आम्ही चौघे आणि सर. अध्यक्ष एक मॅडम, चष्मा साखळीला अडकवलेला. त्यांच्याबरोबर दोन गृहस्थ, त्यातले एक जाड आणि घामेजलेले. कुलपतींनी सगळ्यांना टॉवेल-टोपी आणि नारळ दिला. मॅडमना टोपी देता येत नाही म्हणून दोन नारळ. आमच्याकडे व्याह्यांचं असंच करतात. मॅडमनी दोन्ही नारळ काळजीपूर्वक खुर्चीखाली ठेवले आणि रजिस्टर मागितलं.

त्या पानं उलटत होत्या. जाड गृहस्थ त्यांच्या खांद्यावरून बघत होते. एका पानावर त्यांनी बोट ठेवलं.

"या तारखेला इथं तास झाला?"

"झाला साहेब," कुलसचिव म्हणाले. "पाचही तास."

"कुठं?"

"ह्याच हॉलमध्ये, साहेब."

"या तारखेला या हॉलमध्ये माझ्या साडूच्या मुलीचं लग्न होतं," ते गृहस्थ म्हणाले. "मी सकाळी नऊपासून इथं होतो. तिथं, त्या खांबापाशी. पंख्याखाली."

कुलसचिवांनी खांबाकडे बघितलं, जणू तो साक्ष देईल. कुलपतींनी डोळे मिटले. मॅडमनी रजिस्टर बंद केलं आणि चष्मा काढला. चष्मा काढणं म्हणजे संपलं, एवढं मला कळलं.

मी उठलो. मला अजून आठवतं की उठताना प्लॅस्टिकची खुर्ची मागे पडली आणि मी आधी ती उचलून नीट ठेवली. मग म्हणालो, "मॅडम, तास झाला होता. हॉलमध्ये नाही, मागे बागेत."

"कशावरून?"

मी सायकलच्या पिशवीतून माझ्या वह्या आणल्या. म्हणजे पत्रिकांचा गठ्ठा, सुतळीनं बांधलेला. नेमकी त्या तारखेची पत्रिका सापडायला वेळ लागला. सापडली तेव्हा मी ती जाड गृहस्थांपुढे धरली. पुढे त्यांच्या साडूच्या मुलीचं लग्न, मागे माझ्या अक्षरात मागणीची लवचिकता. त्यांनी मागची बाजू बघितलीच नाही. ते पुढची बाजू खालपर्यंत वाचत गेले.

"माझं नाव शेवटून दुसरं छापलंय," ते म्हणाले. "तेव्हा लक्षात आलं नव्हतं."

मॅडमनी पत्रिका घेऊन उलटी केली. मग गठ्ठ्यातल्या आणखी काही उलट्या केल्या. त्यांनी मला विचारलं, लवचिक आणि अलवचिक मागणीत फरक काय. मी सांगायला लागलो. पुस्तकातली व्याख्या आठवेना, म्हणून साखर, चहा, तिथ, हॉल आणि पोरीचा बाप, असं सगळं सांगितलं. शेवटी शेवटी मी अडखळलो नाही, असं सर म्हणतात. कुलपती मागे उभे राहून ऐकत होते. हॉलचा भाव ते का वाढवू शकतात हे त्यांना बहुधा पहिल्यांदाच शास्त्रातून समजत होतं.

"छान," मॅडम म्हणाल्या. "म्हणजे लग्न असलं तरी तुमचे तास बागेत होत होते."

"हो."

"प्रत्येक लग्नाच्या दिवशी?"

कुलपतींनी मॅडमच्या पाठीमागून मान हलवली. हो म्हण. कुलसचिवांनीही हलवली. मला फक्त हो म्हणायचं होतं. पत्रिका होत्या, त्यांना पटलं होतं, कुणी मोजायला बसणार नव्हतं. दोन वर्षं जमा झाली असती, बहिणीचं नाव पुढच्या वर्षी घातलं असतं. हे सगळं माझ्या डोक्यात आलं, आलं नाही असं मी म्हणणार नाही. पण मॅडम इतक्या सरळ बघत होत्या की माझ्या तोंडून दुसरंच निघालं.

"नाही मॅडम. मोठी तिथ असली की आम्ही वाढायला असायचो."

"काय वाढायला?"

"मी भात."

दुसरे गृहस्थ, जे तोवर एकही शब्द बोलले नव्हते, ते हसले. मग मॅडमनी कुलसचिवांकडून बुकिंगची डायरी मागून घेतली, खरी, तेलकट झालेली, आणि ती माझ्या गठ्ठ्याशी ताडून बघत बसल्या. पहिलं वर्ष भरलं. दुसऱ्या वर्षाचे दिवस कमी पडले, चांगलेच कमी. पहिलं वर्ष धरू, दुसरं पुन्हा करावं लागेल, असं त्यांनी तिथंच सांगितलं. बहिःस्थ म्हणून बसायचं असलं तर तेही चालेल, असं जाता जाता म्हणाल्या.

बाहेर सर मला म्हणाले, "हे खरं बोलणं मी नाही शिकवलं हां. मी फक्त अर्थशास्त्र शिकवलं." मग त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि एस.टी. पकडायला गेले.

घरी सांगायची माझी हिंमत होत नव्हती. बहीण गोठ्यात वैरण टाकत होती. मी तिला सगळं सांगितलं, भातापर्यंत. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "खरं बोलायचं होतं ना, मग ते माझ्या वर्षाच्या जिवावर काऊन बोललास?"

ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी दूध घालून परत येताना मला जे सुचलं ते खरं तर मॅडम सांगूनच गेल्या होत्या, फक्त मला कळायला तीन दिवस लागले. बहिःस्थ विद्यार्थ्याला कॉलेजात जावं लागत नाही. तो घरी बसून वाचतो आणि परीक्षेला जातो. म्हणजे म्हशींपाशीही बसू शकतो.

मी बाबांना म्हणालो, "या जूनला हिचं नाव घाला. मी घरी राहतो."

बाबा म्हणाले, "पोरगी कॉलेजात आणि पोरगा गोठ्यात? लोक काय म्हणतील?"

बहीण आतून म्हणाली, "म्हणतील, म्हशींना बी.ए. होणारा गडी भेटला." दोन दिवसांनंतर तिचा आवाज ऐकून मला इतकं बरं वाटलं की मी हसलोच. आई पण हसली. बाबा हसले नाहीत, पण जूनमध्ये तिला घेऊन शहरात गेले आणि प्रवेश घेऊन आले. बाकावर बसवलं का, असं मी विचारलं. म्हणाले, "बसवलं. पण ती उठून आत गेली."

विद्यापीठ बंद झालं तेव्हा कार्यक्रम असा काही झाला नाही. कुलपतींनी आम्हा चौघांना दाखले दिले, जेवायला घातलं, आणि फाटकापर्यंत सोडायला आले. मुलीकडचे येतात तसे. कुलसचिव पुन्हा मॅनेजर झाले आणि, मला वाटतं, सुखी झाले. पुस्तकं कुलपतींनी आम्हाला वाटून टाकली. अर्थशास्त्राची सगळी माझ्याकडे आली, आणि ती मी गोठ्याच्या माळ्यावर ठेवली.

वर्षभर मी तिथंच वाचलं. बहीण संध्याकाळी आली की विचारायचो, आज किती शिकवलं. ती म्हणायची, "ऐंशी पोरं एका वर्गात. सर येतात, हजेरी घेतात, जातात. तुमचं बरं होतं की." मग चूल पेटेपर्यंत ती मला इंग्रजी सांगायची आणि मी तिला अर्थशास्त्र.

माझी दुसऱ्या वर्षाची परीक्षा आली तेव्हा बहिःस्थांचं केंद्र तिच्याच कॉलेजात पडलं. एवढी मोठी इमारत मी आतून कधी बघितली नव्हती. कुठला जिना, कुठली खोली, काही कळेना. बहीण माझ्यापुढे झपझप चालत होती. नोटीस बोर्डावर तिनं माझा नंबर शोधला, मला दुसऱ्या मजल्यावर नेलं आणि बाक दाखवला. दारातल्या शिपायानं मला अडवलं आणि तिच्याकडे बघून विचारलं, "हे कोण?"

"माझा भाऊ," ती म्हणाली. "नवीन आहे. जाऊ द्या."